सानुबंध मांस : पुण्याजवळील नासासंधानाची (इ. स. १७९३) फेरतपासणी

१. प्रयोजन

वऱ्हाडांतील रोहिणखेड हें गांव इतिहासज्ञांस दोन लढायांमुळें परिचित आहे. इ. स. १४३७ मध्यें बहामनी सरदार खलफ हसन मलिक-उत्-तुज्जार यानें खानदेशच्या नासिरखान फारुकीचा येथें पराभव केला, आणि इ. स. १५९१ मध्यें बुऱ्हाण निजामशहानें खानदेशच्या राजे अलीखानाच्या साह्यानें जमालखानाशीं येथेंच लढाई दिली, तींत जमालखान पडला. दुसऱ्या लढाईच्या आधीं, इ. स. १५८२ मध्यें, खुदावंदखानानें बांधविलेली मशीद घाटाच्या पायथ्याशीं अद्यापि उभी आहे. शाळेच्या चाकरींतून मोकळे झाल्यापासून आम्ही या गांवीं राहतों, आणि कोणी पाहुणा आला म्हणजे त्यास मशीद दाखवून लढायांची हकीकत सांगण्याचें काम बहुधा आमच्याकडेच येतें. तवारिखांत कोण जिंकला व कोण पडला हें असतें. जे जखमी होऊन उरले त्यांचें पुढें काय झालें, हें त्यांत नसतें. हा प्रश्न आमच्या मनांत उशीरां आला. तो कसा आला तें सांगणें अवश्य आहे, कारण प्रस्तुत टिपणाचा जन्म त्यांतूनच झाला.

आमच्या धाकट्या भगिनीस छातीच्या भिंतीवर अर्बुद झालें. शस्त्रवैद्यांनीं तें काढतांना बरगड्यांचे तुकडे व वरचें कातडें यांसहित काढलें, आणि पडलेलें खिंडार पाठीवरचा एक रुंद स्नायु त्याच्या कातड्यासह काखेखालून पुढें फिरवून बुजविलें. दवाखान्यांत भगिनीच्या नातवानें आम्हांस विचारलें, "आजोबा, हें आपल्याकडे पूर्वीं होतें का हो?" आम्हीं विचार न करितां उत्तर दिलें कीं, हें सारें सुश्रुताचेंच, पेशवाईंत पुण्याच्या एका कुंभारानें सुश्रुतांत सांगितल्या बरहुकूम एकाचें नाक बसविलें, तें पाहून साहेब लोक शिकले, आणि त्याचीच ही वाढ. शाळेंत तीस वर्षें आम्ही मुलांस हेंच सांगत आलों होतों. जवळ एक तरुण डॉक्टर उभे होते. त्यांनीं नम्रपणें विचारलें, "गुरुजी, पुण्याच्या त्या मनुष्यानें कपाळाचें कातडें घेतलें होतें असें आम्ही वाचतों. सुश्रुतांतही कपाळच आहे काय?"

ज्याच्या कपाटांत सुश्रुतसंहिता चाळीस वर्षें आहे, त्या संस्कृताच्या मास्तरास या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं. घरीं येऊन पोथी उघडली, मूळ इंग्रजी पत्र मिळवून वाचलें, आणि आमचें विधान जसेंच्या तसें टिकत नाहीं असें दिसून आलें. हीच समजूत आमच्या पुष्कळ व्यवसायबंधूंचीही आहे. म्हणून दोन्ही पुरावे शेजारीं शेजारीं मांडून, त्यांतून काय निघतें व काय निघत नाहीं, हें येथें सांगावयाचें योजिलें आहे.

परिभाषेसंबंधीं एक शब्द. शस्त्रवैद्य ज्यास 'फ्लॅप' म्हणतात त्यास आम्ही पुढें 'पट' म्हणूं. आणि पटाची जी बाजू मूळ जागेस जोडलेली ठेवतात तीस 'देंठ'. पूर्ण सुटें करून लावलेलें कातडें म्हणजे पट नव्हे. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

२. मूळ पुरावा

पुण्याजवळच्या शस्त्रकर्माचा मुख्य लेखी पुरावा म्हणजे लंडन येथील 'जेंटलमन्स मॅगेझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांतील एक पत्र. पत्राखालीं 'बी. एल.' एवढीच सही असून, ही हकीकत आपल्या एका स्नेह्यानें हिंदुस्थानांतून पाठविली असें लिहिणारा म्हणतो. सोबत नवें नाक बसविलेल्या मनुष्याचें कोरींव चित्र आहे. मूळ चित्र जेम्स वेल्स याचें. हा स्कॉटलंडचा चित्रकार त्या वेळीं पुण्यांत होता, व सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचीं चित्रें त्यानें काढलेलीं प्रसिद्धच आहेत.

पत्राचा सारांश असा. कावसजी नांवाचा, शेतकरी जातीचा एक मराठा, इ. स. १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हातीं सांपडला, व टिपूनें त्याचें नाक आणि एक हात तोडविला. त्याच स्थितींत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला. पुढें कंपनीकडून त्यास पेन्शन मिळूं लागलें. बारा महिन्यांहून अधिक काळ तो नाकावांचून होता. नंतर पुण्याजवळ वीटकरी जातीच्या एका मनुष्यानें त्यास नवें नाक बसविलें. हें शस्त्रकर्म हिंदुस्थानांत दुर्मिळ नसून फार प्राचीन काळापासून चालत आलें आहे, असेंही पत्रांत म्हटलें आहे.

कृति येणेंप्रमाणें. प्रथम मेणाची पातळ पट्टी नाकाच्या खुंटावर बसवून तिला चांगल्या नाकाचा आकार देतात. मग ती सपाट करून कपाळावर ठेवतात व तिच्या भोंवतीं रेघ ओढतात. रेघेच्या आंतील कातडें सोडवितात. मात्र दोन डोळ्यांच्या मध्यें एक लहानशी चिंचोळी पट्टी न कापतां ठेवतात. नवा व जुना भाग एकजीव होईपर्यंत रक्ताचें चलन या पट्टींतून राहतें, असें पत्रकर्ता स्पष्ट सांगतो. त्यानंतर खुंटावरील जुना व्रण तासून, त्याच्या लगत मागें, दोन्ही नाकपुड्यांच्या भोंवतालून वरच्या ओंठापर्यंत चीर पाडतात. कपाळाचें कातडें खालीं आणून अर्धा पीळ देऊन फिरवितात व त्याच्या कडा त्या चिरेंत बसवितात. सांधा धरून ठेवण्यास कात पाण्यांत मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर पसरतात, व अशा पांच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवतात. चार दिवस दुसरें कांहीं लावीत नाहींत. मग त्या काढून तुपांत भिजविलेलीं फडकीं ठेवतात. रोग्यास पांच-सहा दिवस उताणें निजवितात. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मोकळ्या राहाव्या म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालतात. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापून टाकतात.

या सर्व कृतींत भूल नाहीं, टांका नाहीं. ज्या मनुष्याचें नाक शत्रूनें कापलें, त्यानें आपण होऊन कपाळ पुढें केलें, आणि शुद्धीवर राहून तें सोलूं दिलें. त्याचें हें धैर्य कारागिराच्या कौशल्याहून उणें नव्हे.

३. पुराव्याची छाननी

(अ) काल. चित्र जानेवारी १७९४ मध्यें, शस्त्रकर्मानंतर दहा महिन्यांनीं काढलें असें पत्रांत आहे. यावरून शस्त्रकर्म मार्च १७९३ च्या सुमाराचें ठरतें. त्यापूर्वीं बारा महिन्यांवर तो मनुष्य नाकावांचून होता, म्हणजे नाक कापलें तें मार्च १७९२ च्या आधीं. टिपूशीं श्रीरंगपट्टणचा तह मार्च १७९२ मध्येंच झाला. त्याआधीं फेब्रुवारींत मुंबईची फौज तेथें येऊन पोंचली होती. पत्रांतील तिन्ही कालनिर्देश अशा रीतीनें एकमेकांशीं व युद्धाच्या ज्ञात हकीकतीशीं जुळतात. पत्र विश्वसनीय मानण्यास हा अंतर्गत पुरावा पुरेसा आहे.

ज्या हिवाळ्यांत वेल्स हें चित्र काढीत होता, त्याच हिवाळ्यांत महादजी शिंदे पुण्यास वानवडीच्या तळावर होते, व तेथेंच १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्या काळाविषयीं लिहितांना आम्ही दरबार, वकील आणि स्वाऱ्या यांनींच पानें भरतों. वीटभट्टीवरच्या एका मनुष्याच्या कृत्यानें युरोपांतील शस्त्रविद्येस वळण लागलें, ही गोष्ट त्या पानांच्या समासांतही येत नाहीं.

(आ) नांव व जात. 'कावसजी' हें नांव पारशांत रूढ आहे. पत्रांत मात्र तो मराठा व शेतकरी म्हटला आहे. दोहोंपैकीं अधिक भार आम्ही जातीच्या निर्देशास देतों. कारण नांव कानानें ऐकून इंग्रजींत उतरविलेलें असतें व तें बिघडणें सोपें. त्याच पत्रांत एका इंग्रज डॉक्टराचें नांवसुद्धां 'फिंडले' याऐवजीं 'ट्रिंडले' असें छापलें गेलें आहे. मग बैलवाल्याच्या नांवाची काय कथा! केवळ नांवावरून तो पारशी होता असें म्हणणें पत्राच्या शब्दांस सोडून होईल.

(इ) कारागीर. पत्रांत त्याचें नांव नाहीं. 'वीटकरी' यावरून मराठी लेखक त्यास सर्रास कुंभार म्हणतात. विटा भाजणें हें कुंभारांचें काम असल्यामुळें हा तर्क सयुक्तिक आहे. परंतु तो तर्क होय, पत्रांतील शब्द नव्हे. आम्हीं स्वतः मुलांस हें तर्क म्हणून न सांगतां वस्तुस्थिति म्हणून सांगितलें, ही आमची पहिली चूक.

(ई) साक्षी. मुंबई इलाख्यांतील टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनीं शस्त्रकर्म पाहिलें असें पत्र म्हणतें. यांपैकीं क्रूसो हा पुणें येथील रेसिडेन्ट चार्ल्स मॅलेट याच्याकडील डॉक्टर. वाक्याचा अर्थ नीट पाहिला तर त्यांनीं असें शस्त्रकर्म होतांना पाहिलें इतकेंच निघतें. तें कावसजीचेंच, असें निघत नाहीं. यानें पुरावा दुबळा होत नाहीं, उलट बळावतो. कारण मग हें शस्त्रकर्म त्या भागांत एकदांच घडलेलें नवल न राहतां चालू धंदा ठरतें.

४. ग्रंथांतील विधि

आतां सुश्रुताकडे वळूं. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायाचा मुख्य विषय कान टोंचणें व फाटलेली कानाची पाळी जोडणें हा आहे. जोडण्याचे पंधरा प्रकार सांगून झाल्यावर, ज्याला पाळीच उरलेली नाहीं त्याच्यासाठीं गालाचें मांस सोडवून पाळी करावी असें ग्रंथकार सांगतो, आणि त्या मांसास दोन विशेषणें लावतो : 'सानुबन्ध' व 'जीवत्'. मांस जोडलेलें असावें आणि जिवंत असावें. आमच्या मतें सबंध अध्यायांत महत्त्वाचे शब्द हे दोन. देंठ न तोडण्याचा जो नियम पुण्याच्या कारागिरानें दोन डोळ्यांच्या मध्यें पाळला, तो या दोन शब्दांत सांगितलेला आहे.

अध्यायाच्या शेवटीं नाकाचा विधि आहे. नाकाच्या मापाचें झाडाचें पान घ्यावें. त्या मापानें गालाच्या बाजूचें मांस सोडवावें. नाकाचा शेंडा खरवडून त्यावर तें त्वरेनें व सावधपणें बसवावें व बांधावें. दोन नळ्या घालून नाक उचलून धरावें. पतंग, ज्येष्ठमध व अंजन यांची पूड वर टाकावी. पांढऱ्या कापसानें झांकून तिळाचें तेल वरचेवर शिंपावें. रोग्यास तूप पाजावें व पुढें रेचन द्यावें. आणि सांधा भरून आल्यावर जादा राहिलेला भाग पुन्हा कापावा.

आतां दोन्ही विधि शेजारीं ठेवूं. माप घेण्यास ग्रंथांत पान, पुण्यास मेण. मांस ग्रंथांत गालाचें, पुण्यास कपाळाचें. वर टाकण्यास ग्रंथांत औषधांची पूड, पुण्यास कात. सिंचनास ग्रंथांत तेल, पुण्यास तुपाचीं फडकीं. नाकपुड्यांसाठीं ग्रंथांत आरंभींच नळ्या, पुण्यास दहाव्या दिवशीं कापडाचे बोळे. साम्य आहे तें तीन ठिकाणीं : आधीं माप घेणें, जुना व्रण खरवडून ताजा करणें, आणि मांस जिवंत ठेवून सांधा धरल्यावर मग कापणें. म्हणजे साधनें बहुतेक सर्व निराळीं, आणि तत्त्व एक.

तरुण डॉक्टरांच्या प्रश्नाचें उत्तर असें आहे : सुश्रुतांत कपाळ नाहीं, 'गण्ड' आहे, म्हणजे गाल. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतही उत्तरस्थानांत नाकाचा विधि येतो, आणि तेथेंही गालच आहे. महाराष्ट्रांतील वैद्यघराण्यांत सुश्रुतापेक्षां वाग्भटाचाच पाठ अधिक, इ. स. १८८० मध्यें मुंबईस अष्टांगहृदय शोधून छापविलें तेंही अण्णा मोरेश्वर कुंटे या मराठी डॉक्टरांनीं. तेव्हां कारागिरानें सुश्रुत नव्हे तर वाग्भट अनुसरला, असें म्हणूनही सुटका होत नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, छापील पाठ अलीकडचा. जुन्या पोथींत कपाळ असेल. सुश्रुतसंहितेची छपाई प्रथम कलकत्त्यास इ. स. १८३५-३६ मध्यें मधुसूदन गुप्त यांच्या हातून झाली. डल्हणाच्या टीकेसह यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं शोधलेली निर्णयसागरची प्रत त्यानंतरची. परंतु नेपाळांत काठमांडू येथील केसर ग्रंथालयांत इ. स. ८७८ ची ताडपत्री पोथी आहे. तिचा पाठ छापील पाठाहून अनेक ठिकाणीं भिन्न आहे, पण नाकासाठीं मांस घेण्याची जागा तिच्यांतही गालच. पुण्याच्या शस्त्रकर्मापूर्वीं नऊशें वर्षें हा विधि लेखनिविष्ट होता, इतकें या पोथीवरून निर्विवाद ठरतें. कपाळ मात्र तिच्यांतून निघत नाहीं.

मग कपाळ आलें कोठून? आमच्या मतें हातांतून. इ. स. १७९३ मध्यें ग्रंथ छापलेला नव्हता. संस्कृत पोथी वीटकरी मनुष्याच्या हातीं पडण्याचा व त्यानें ती वाचण्याचा संभव अत्यल्प. उलट ज्या वैद्यांच्या घरीं पोथी होती, त्यांनीं शस्त्र केव्हांच खालीं ठेविलें होतें. सुश्रुताच्या नवव्या अध्यायांत शिष्यानें कानाचा सांधा मऊ मांसावर व कमळाच्या देंठावर करून पाहावा असें सांगितलें आहे. पाठ करणाऱ्यांनीं हें वाक्य पाठ केलें, पण कमळाचा देंठ हातीं धरला नाहीं. विद्या दोन वाटांनीं गेली : शब्द पंडितांकडे राहिला व कृति कारागिरांकडे. कृतीच्या वाटेवर ती स्थिर राहिली नाहीं, सुधारत गेली. कपाळाचें कातडें नाकास अधिक जुळतें, आणि डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्याजवळून वर जाणारी रक्तवाहिनी त्याच्या देंठांत सांपडते. म्हणून तो पट सहसा मरत नाहीं. आजचे शस्त्रवैद्यही नाकासाठीं कपाळाचाच पट श्रेष्ठ मानतात. ही निवड कोणा एकाची नव्हे. पिढ्यान् पिढ्या कोणता पट जगतो व कोणता काळा पडतो हें पाहणाऱ्या माणसांची ती आहे.

५. नाकापासून छातीपर्यंत

युरोपांत देंठयुक्त पटाची कल्पना अगदींच नवी नव्हती. इटलींत बोलोन्याच्या तालियाकोत्सी यानें इ. स. १५९७ च्या ग्रंथांत दंडाच्या कातड्यानें नाक करण्याची रीति दिली आहे. तींत रोग्याचा हात कांहीं आठवडे डोक्याशीं बांधून ठेवावा लागे. ती रीति पुढें मागें पडली. 'जेंटलमन्स मॅगेझिन' मधील पत्र आलें तें या विस्मृतीच्या काळांत. लंडनचा शस्त्रवैद्य जोसेफ कार्प्यू यानें प्रेतांवर अभ्यास करून २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं हिंदुस्थानी रीतीनें एका लष्करी अधिकाऱ्याचें नाक केलें, आणि इ. स. १८१६ मध्यें अशा दोन शस्त्रकर्मांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. इ. स. १८१८ मध्यें जर्मनींत ग्रेफे याचा या विषयावरील ग्रंथ निघाला. हिंदुस्थानांतही धारा तुटली नव्हती : जुनागडचे त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनीं शंभरावर नाकें केलीं व इ. स. १८८९ मध्यें त्यावर पुस्तक लिहिलें.

परंतु नाक तें नाक आणि छाती ती छाती. येथें आमच्या दुसऱ्या चुकीचा उल्लेख करणें प्राप्त आहे. छातीची भिंत पुन्हा बांधणें हें 'सुश्रुताचेंच' असें आम्हीं म्हटलें. तें सुश्रुतांत नाहीं. शारीरस्थानांत छातीवरचीं मर्में मोजलीं आहेत : हृदय एक, आणि स्तनमूल, स्तनरोहित, अपलाप व अपस्तंभ हीं प्रत्येकीं दोन, मिळून नऊ. हृदयावरचा घाव तत्काळ प्राण घेतो, इतरांवरचा कालांतरानें, असें ग्रंथकार सांगतो. हें ज्यानें लिहिलें त्यानें छाती उघडून पुन्हा बांधण्याचा विधि लिहिला नाहीं, यांत त्याचें न्यून नसून विवेक आहे. रोहिणखेडच्या रणांत ज्याचें नाक गेलें त्यास कोणी कारागीर भेटला असता तर आशा होती. ज्याची छाती फुटली त्यास नव्हती.

याचें कारण श्वासाच्या यंत्रांत आहे. छातीची भिंत ही केवळ झांकण नव्हे. बरगड्या वर उचलल्या म्हणजे आंतील पोकळी वाढते व फुप्फुसांत हवा शिरते. भिंतीस मोठें भोंक पडलें कीं बाहेरची हवा तेथूनच आंत ओढली जाते व फुप्फुस मिटतें. आणि पुष्कळ बरगड्या काढून नुसतें कातडें वर ओढलें, तर श्वास घेतेवेळीं तो भाग फुगण्याऐवजीं आंत खचतो. म्हणून छाती बांधणारास तीन गोष्टी एकदम साधाव्या लागतात : भिंत ताठ हवी, हवाबंद हवी, आणि वरचें मांस जिवंत हवें. यांतील पहिल्या दोहोंसाठीं इ. स. १८४६ मधील भूल, इ. स. १८६७ मधील लिस्टरची जंतुनाशक पद्धति, आणि इ. स. १९०४ मध्यें झाउअरब्रुख यानें हवेचा दाब सांभाळून छाती उघडण्याची दाखविलेली युक्ति, एवढ्यांची वाट पाहावी लागली. मोठें भोंक असेल तर आज जाळी अथवा कृत्रिम लादी बसवून भिंतीस ताठपणा देतात.

तिसऱ्या गोष्टीसाठीं मात्र जुनेंच तत्त्व कामास आलें. सुटें कातडें लावावें तर त्यास खालीं रक्त देणारी जिवंत जमीन लागते. जाळीवर किंवा उघड्या पोकळीवर तें मरतें. तेथें स्वतःचें रक्त बरोबर घेऊन येणारा पटच पाहिजे. इटलींतील पाव्हिया येथील इजिनिओ तान्सिनी यानें इ. स. १९०६ मध्यें स्तन काढल्यावर उरणारी छातीवरची जखम पाठीच्या रुंद स्नायूच्या पटानें झांकण्याची रीति प्रसिद्ध केली. हा स्नायु पंख्यासारखा पाठीवर पसरलेला असून त्याची मूठ काखेंत आहे, व मुख्य रक्तवाहिनी त्या मुठींतूनच शिरते. मूठ राखून पंखा पुढें फिरवावयाचा, एवढेंच त्यांतील मर्म. अशा पटानें झांकूं नये असें अमेरिकेंतील हाल्स्टेड याचें मत होतें, आणि त्याच्या अधिकारापुढें तान्सिनीची रीति मागें पडली, इ. स. १९७० नंतरच्या दशकांत ती पुन्हा वर आली. आज तिच्या जोडीस छातीवरचा मोठा स्नायु, पोटावरचा उभा स्नायु व आंतड्यांवरचा चरबीचा पडदा, हेही आपापल्या देंठांसह छातीच्या भिंतीसाठीं वापरतात.

दोन डोळ्यांमधील ती चिंचोळी पट्टी आणि काखेंतील ती मूठ यांत एकच नियम आहे. फरक इतकाच कीं, पुण्यास पंचविसाव्या दिवशीं देंठ कापला, कारण तोंवर नव्या जागेच्या रक्तवाहिन्या पटांत शिरल्या होत्या; छातीवर तो कापण्याचें कारण नसल्यामुळें जन्मभर राहतो.

६. निष्कर्ष व विनंति

वरील विवेचनावरून आम्ही आमचें पूर्वीचें विधान मागें घेतों आणि त्याऐवजीं पुढील विधानें ठेवतों.

एक, पटाचें मांस जोडलेलें व जिवंत असावें हें तत्त्व सुश्रुतसंहितेंत स्पष्ट शब्दांत आहे. दोन, मार्च १७९३ च्या सुमारास पुण्याजवळ झालेलें नासासंधान त्याच तत्त्वावर झालें, पण तें ग्रंथांतील विधीची नक्कल नव्हे. कपाळाचा पट ही कारागिरांची स्वतंत्र कमाई आहे. तीन, त्या शस्त्रकर्माच्या वृत्तान्तानें युरोपांत देंठयुक्त पटाची विद्या पुन्हा जागी झाली. चार, छातीची भिंत बांधण्याची कला अर्वाचीन आहे. तिच्या अनेक आधारांपैकीं एक मात्र तो जुना आहे.

या विधानांनीं आमच्या पूर्वजांचा मान उणा होतो असें कोणास वाटल्यास आमचें म्हणणें उलट आहे. सर्व श्रेय पोथीस दिलें म्हणजे ज्याच्या हातांत चाकू होता त्याचें श्रेय आपण हिरावून घेतों. इंग्रज पत्रकर्त्यास त्याचें नांव विचारावेसें वाटलें नाहीं. आणि आम्हीं त्याचें कृत्य ग्रंथाच्या नांवावर जमा करून तीच उपेक्षा पुढें चालविली. ग्रंथास ग्रंथाचें द्यावें, हातास हाताचें द्यावें.

संग्राहकांस एक विनंति. वैद्यकाचीं जुनीं बाडें हातीं आलीं म्हणजे आपण संस्कृत ग्रंथांच्या प्रति निराळ्या काढून ठेवतों, आणि मोडींत उतरलेले काढे, लेप व जखमांवरचे उपाय यांचे सुटे कागद 'किरकोळ' या सदराखालीं बांधून टाकतों. ते कागद पुन्हा सोडावेत. नाक, कान, व्रण, कात, मेण हे शब्द जेथें आढळतील तीं पानें निराळीं नकलून ठेवावींत. तसेंच जमाखर्चाच्या कागदांत जखमींस दिलेल्या रकमा व त्यांच्यावर उपाय करणारांस दिलेलें बक्षीस यांच्या नोंदी असतात, त्याही नजरेखालून घालाव्यात. हाताच्या विद्येचा इतिहास लिहावयाचा तर त्याचें साधन अशाच कागदांत सांपडावयाचें.

आमची भगिनी आतां घरीं आहे. देवघरांतील तांब्या ती उजव्या हातानें पूर्वींप्रमाणें उचलते, आणि पाठीचें मांस छातीवर जिवंत आहे. त्या तरुण डॉक्टरांस आम्हीं उत्तर पत्रानें कळविलें : सुश्रुतांत कपाळ नाहीं, गाल आहे, आपण विचारलेंत म्हणून आम्हीं पाहिलें. नातवासही तेंच सांगितलें. तीस वर्षें ज्या मुलांस आम्हीं वेगळें सांगितलें, त्यांच्यापैकीं कोणाच्या हातीं हा अंक पडल्यास त्यांनीं ही दुरुस्ती आपल्या वहींत करून घ्यावी.